तापानंतरचा धोंडू

नव्वदीच्या दशकात आमची कंपनी आसामात होती. पहाटे पीटी, मग पेट्रोलिंग, मग बूट वाळवणं. ते कधीच वाळायचे नाहीत. मी घोडेगावजवळच्या शिनोली गावचा, दहा जणांचा सेक्शन कमांडर. माझ्या हाताखाली नायक धोंडू, भीमाशंकरच्या बाजूच्या एका वाडीतला. एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, खांद्यावर टाकून टेकडी सगळ्यांआधी चढायचा आणि वरून आम्हालाच चिडवायचा, "या पावणं, दमलात का?"

एका पावसाळ्यात कंपनीत व्हायरल तापाची साथ आली. बाकीचे पडले तसे उठले. धोंडूचाही ताप उतरला, ताकद मात्र परत आली नाही. रात्रभर झोपूनही तो थकलेलाच उठे. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. सुभेदार साहेब म्हणाले, "बहाना है. दौडाओ." दौडवलं. दुसऱ्या दिवशी त्याला बुटाची नाडी बांधवेना. शेवटी मेडिकल बोर्डाने त्याला घरी धाडलं.

रिटायर झाल्यावर मी त्याच्या वाडीत गेलो. उन्हाळा होता, पडकई चालू होती. पडकईत सगळी वाडी मिळून एकेकाचं भातखाचर बांधते. आज माझं, उद्या तुझं. धोंडूचं बांधून झालं होतं. फेड म्हणून तो एक दिवस दुसऱ्याच्या बांधावर राबला आणि अंथरुणाला खिळला. घोडेगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, व्हायरल तापानंतर काहींना असा थकवा वर्षानुवर्षं राहतो, रेटून काम केलं की वाढतो. वाडीला ते पटत नव्हतं.

"फौजी लई आळशी झालाय म्हनत्यात," त्याची बायको म्हणाली. "पुढच्या साली आमाला पडकईत घेनार न्हाईत." एकट्या बाईला खाचर सांभाळणं शक्य नव्हतं. धोंडू भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

मी त्याची कुदळ उचलून बांधावर गेलो.

"तुमी कोन, पावणं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"धोंडूचा सेक्शन कमांडर. त्याच्या पाळीला आलोय. त्यो आळशी न्हाई, आजारी हाय."

 म्हाताऱ्याने सरकून जागा दिली. पुढच्या सालीही ते घर पडकईत राहिलं.

आम्ही माजी सैनिक दरवर्षी घोडेगावात जमून शहिदांची नावं घेतो. आसामच्या त्या पोस्टिंगवर आमचे दोघे गोळीने गेले. धोंडूची तब्येतही तिथेच गेली. म्हणून एका वर्षी त्या दोघांनंतर मी म्हणालो, "नायक धोंडू."

मागे भिंतीला टेकलेला धोंडू नाव ऐकून उठायला लागला.

"बसून राहा," मी म्हणालो. "ऑर्डर हाय."