देवव्रतने प्रश्न दुरुस्त केला

आमचा देवव्रत १९९४ साली बी.एस्सी.ला गेला, तेव्हा इथं उत्तरेत मंगला गौरीच्या देवळाजवळची आमची सगळी गल्ली त्याला हुशार म्हणायची. मीही म्हणायचे, थोरली बहीण ना मी! पण ती हुशारी कसली, हे मला एकटीला ठाऊक. आमचे वडील, अण्णा, नदीकाठच्या शिंदे घाटावर पूजा सांगायचे. त्यांनी त्याला लहानपणी मंत्रांची संथा दिली होती. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. पोरगा फिजिक्सही तसंच करायचा, मांडी घालून, डोलत, स्वल्पविरामासकट. इंटरपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, ते खपलं.

विद्यापीठातल्या पहिल्याच टेस्टमध्ये भोपळा!

"मेल्या, काही लिहिलंस तरी का?" मी विचारलं.

"लिहिलं की, ताई. पुस्तकात नदीचा वेग तीन आहे, नावेचा सहा. टेस्टच्या पर्च्यात चार आणि पाच आलं होतं. छपाई की गलती! मी प्रश्न दुरुस्त केला आणि सोडवला."

मी कपाळावर हात मारून घेतला. अण्णांना मात्र हसू आलं नाही. "छमाही परीक्षेत नापास झालास तर कॉलेज बंद. माझ्या शेजारी आसन टाकायचं," त्यांनी ठणकावलं. देवव्रतचा चेहरा एवढासा झाला. त्याला मास्तर व्हायचं होतं. सकाळी अण्णांच्या मदतीला जायचा तेव्हासुद्धा यजमानापुढे दक्षिणेसाठी हात करताना त्याची मान खाली जायची.

मला असा राग आला! त्याचं पुस्तक ट्रंकेत टाकून कुलूप लावलं आणि त्याला ओढत नावेत बसवलं. समोरच्या वाळूवर जायचं, तर नाववाल्याने नावेचं तोंड तिरकं, प्रवाहाच्या उलट धरलेलं.

"ऐसे तिरछा क्यों, भैया?" मी विचारलं.

"सीधे धरेंगे तो नीचे बह जाएँगे, बहनजी."

देवव्रत एकदम पुढे सरकला. "और पानी तेज हो तो?"

"तो और ऊपर."

मग देवव्रत ओल्या बोटाने नावेच्या फळीवर रेघा ओढत बसला.

त्या दिवसापासून मी पोळ्या लाटताना आकडे बदलून विचारायचे. "हे पुस्तकात नाहीये!" तो ओरडायचा. "नसू दे! सांग." दोन दिवस तर माझ्याशी बोललासुद्धा नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच नवीन आकडे घेऊन आला.

छमाहीत पन्नासपैकी एकतीस आले. शाळेत पंचेचाळीसच्या खाली कधी आला नव्हता, म्हणून बिचारा घाबरतच अण्णांपुढे उभा राहिला. अण्णांनी चष्मा लावून उत्तरपत्रिका उलटसुलट केली. एका गणितावर बोट ठेवलं.

"हे पुस्तकात कुठं आहे?"

"कुठंच नाही, अण्णा. मी काढलं."

मी लाटणं हातात घेऊन दारातच थिजले. जन्मभर अक्षराला अक्षर लावून म्हणणारा माणूस, आता काय बोलतो कोण जाणे! अण्णांनी कागदाची नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

"उद्यापासून सकाळी घाटावर येऊ नकोस," ते म्हणाले. "तुला कॉलेजला उशीर होतो."