कोपऱ्यातली दोन इंच जागा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कुत्र्यामांजराचे पाय, त्याची आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिथेच राहिले. राग आला की मी बोलत नाही, भांडी घासते. आज भांडी संपली आणि राग उरला, म्हणून लिहायला बसले.

आमच्या भाऊजींइतका, म्हणजे नणदेच्या यजमानांइतका, नासधूस करणारा काटकसरी माणूस भिलाईपासून नागपूरपर्यंत शोधून सापडणार नाही. त्यांना जगात एकाच गोष्टीचा तिटकारा आहे, रिकाम्या जागेचा. नंदिनी नगरच्या खाणीत त्यांनी जन्मभर डंपर चालवला. डंपर भरून जातो आणि रिकामा परत येतो, हे पाहून पाहून त्यांच्या मनावर परिणाम झाला असावा. "अर्धी जिंदगी खाली गाडी हाकली, वहिनी," असं ते हळहळून सांगतात, जसं काही कोणी त्यांना फसवलंय. रिटायर झाल्यापासून त्या अर्ध्या जिंदगीची भरपाई चालू आहे. हिवाळ्यात त्यांच्या कूलरमध्ये गहू असतो. पलंगाखाली कांदे, कांद्यांच्या मधल्या फटींमध्ये लिंबं. नागपूरला लग्नाला निघाले तर बॅग भरताना ताईंच्या नव्या चपलांच्या पोटात लसूण कोंबला, आणि बिचाऱ्या ताई लग्नभर फोडणीचा वास घेऊन फिरल्या. चहाचा कप काठोकाठ लागतो, काठाशी बोटभर जागा दिसली की "अजून मावते" म्हणून कप पुढे करतात. मग तो उचलताना सांडतो, आणि पुसते कोण? मी.

तेही सगळं ठीक होतं. चपला ताईंच्या, लसूण त्यांचा. पण ते माझ्या स्वयंपाकघरात शिरले.

आम्ही इतकी वर्षं स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये काढली. तिथलं स्वयंपाकघर एवढं की पोळी लाटताना कोपर भिंतीला लागायचं. ह्यांच्या रिटायरमेंटनंतर जुनवानीला घर बांधलं. घर ह्यांच्या पैशांचं, पण ओट्याखालची कपाटं माझ्या पैशांची. साड्यांना फॉल-पिको करून साठवलेले ते पैसे. इंग्रजी एल अक्षरासारखा वळलेला ओटा, एका बाजूला खणच खण, दुसऱ्या बाजूला दारं, आणि मधल्या कोपऱ्यात एक मोठं खोल कपाट, माझे मोठे गंज, म्हणजे पातेली, ठेवायला. दुकानाचा फिटर माप घेऊन म्हणाला, "कोने में दो इंच की पट्टी छोड़नी पड़ेगी, नहीं तो दराज और दरवाजा आपस में टकराएँगे." भाऊजी तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांची किडनी मागितली.

"दोन इंच? खालपासून वरपर्यंत? अरे, त्यात वर्षाचे पापड मावते!"

त्यांनी फिटरला वाटेला लावलं, दुकानातून पट्टीशिवाय कपाटं कापून आणवली आणि स्वतः पान्हे-पेचकस घेऊन बसले. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी पंख्याकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "जवाईबुवा एवढ्या हौसेनं करून राहिले, तू तोंड कावून वाकडं करून राहिली?" आमच्यात जावयाला चूक म्हणत नाहीत. भाजी खारट झाली तर सून चुकते, आणि मीठ जावयाने स्वतः घातलं असेल तर समुद्र चुकतो.

कोपरा बसला. दिसायला झक्क. पण खण ओढला की त्याची मूठ शेजारच्या दाराच्या मुठीवर आपटायची. जोर करून ओढला तर ती मूठ खरवडत पलीकडे जायची आणि तिथे अडकायची. मग खण ना आत ना बाहेर, आणि खण आडवा आल्यामुळे कोपऱ्याचं दार बंद ते बंदच. मुठींना तेल लावा, साबण लावा, खालून लाथ मारा, तेव्हा कुठे सुटायचा. नव्या पॉलिशवर नव्या सुनेच्या गालावर ओरखडा दिसावा तशी रेघ उमटली. भाऊजींनी मान डोलावली. "एका टायमाले एकच उघडाचं, वहिनी. घराले शिस्त लागते."

माझ्या चाळीस वर्षांच्या संसाराला शिस्त लावायला मूठ आली होती! मी एवढी भांडी घासली की एका कढईचा कान निघाला.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे त्या दिवशी आंबील लागतेच, आणि ती होते सासूबाईंच्या सासूच्या पितळी गंजात. गंज कोपऱ्याच्या कपाटात. पहाटे मी पळी काढायला खण ओढला आणि तो अडकला. तेल झालं, साबण झाला, लाथही झाली. खण हलेना. उन्ह वर आलं, पाहुणे आले, भाऊजीही आले, कारण त्या दिवशी जावई जेवल्याशिवाय घर जेवत नाही. सासूबाई म्हणाल्या, "आधी जवाईबुवांले पाट मांड." भाऊजी पाटावर न बसता खणापाशी आले, मूठ कुरवाळली आणि म्हणाले, "दम धरा. लाकूड आहे, थंड झालं की आपोआप सुटते."

खिशात पेचकस होता त्यांच्या. पेनाच्या जागी ते पेचकसच लावतात. खणाच्या आतून दोन स्क्रू काढले असते तर मूठ निघाली असती. पण मूठ काढणं म्हणजे चूक कबूल करणं.

माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळत नाही. मी म्हटलं, "भाऊजी, हे आता उघडलं नाही तं मी आंबील कशात शिजवू? तुमच्या कूलरमध्ये?"

बाहेरच्या खोलीत कोणाची तरी खुर्ची करकरली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, रागाने की हसू दाबायला ते मला आजवर समजलेलं नाही. भाऊजींनी खिशातला पेचकस काढला. "वहिनी बोलतेत काय!" एवढंच म्हणाले आणि जमिनीवर मांडी घालून स्क्रू काढायला लागले. आंबील उशिरा झाली, पण गंजातच झाली.

दुसऱ्या आठवड्यात तोच फिटर आला. कोपऱ्यात पट्टी बसवायची म्हणजे शेवटचं कपाट दोन इंचांनी अरुंद करायचं, दोन दारं नवी करायची. फॉल-पिकोचे उरलेसुरले पैसे त्यात गेले. ह्या घरातल्या एका गोष्टीवर माझं नाव होतं, आणि तिचे पैसे मी दोनदा भरले. बिल भाऊजींना दाखवायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं. "लेकीच्या घरचं आपण पाणी पीत नाही, पैसे घेऊ काय?" मी बिल डब्यात टाकलं. झाकण एवढ्या जोरात लावलं की शेजारीण विचारायला आली.

पण बिल ताईंनी पाहिलं होतं. पुढच्या महिन्यात भाऊजी स्कूटरवर आले, सरळ स्वयंपाकघरात गेले, कोपऱ्याचं दार उघडून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि पट्टीमागच्या पोकळीत काहीतरी चाचपलं. चहा पिताना छताकडे पाहून म्हणाले, "पट्टी जरा ढिली वाटून राहिली. हात घालून पाहून घ्याल." ते गेल्यावर मी हात घातला. प्लास्टिकच्या थैलीत गुंडाळलेल्या नोटा होत्या.

त्यांनी दिले नाहीत, मी घेतले नाहीत, सासूबाईंनी पाहिले नाहीत. सगळ्यांचा धर्म राहिला. दर महिन्याला पेन्शन आली की पट्टी ढिली व्हायची. येताना ते गोडेतेल आणायचे, खणाच्या रुळांना लावायचे, शेजारचं दार उघडमीट करून पाहायचे आणि फिटरच्या कामात एखादी खोड काढायचे. मी धुसफुसत चहा टाकायची, कप काठोकाठ भरायची, आणि सांडलेला पुसायची.

आज आले तेव्हा पेन्शनची तारीख नव्हती. हात घातला, चहा प्याले, पण ढिल्या पट्टीचं काही बोलले नाहीत. निघताना पुन्हा आत गेले. पट्टीवर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"आता ही जागा खालीच राहते, वहिनी," म्हणाले, आणि पेचकस खिशात सरळ करून स्कूटरकडे गेले.

थैली काढून पाहिली, शेवटचा हप्ता होता. दोन्ही दारांचे आणि मजुरीचे, सगळे पैसे फिटले होते.