माणशी दोन

आज द्वादशी. पारण्याची कणीक अर्धी मळून झाली आणि बोटं आपोआप हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळू लागली. हात परातीतच थांबला. हात धुऊन वही उघडली आहे. आज नामस्मरणाच्या पानावर उकंडाभाऊंचंच लिहिते.

उकंडाभाऊ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, दिग्रसला आमच्या मागच्या गल्लीत राहतात. मासे धरायचे ते हौसेनं, विकायला नाही. एका वर्षी आमच्या तलावात सलग चार रविवार कुणाच्याच गळाला काही लागलं नाही. तेव्हापासून बरोबरच्या हौशी मंडळींना त्यांनी नियम घातला. माणशी दोनच. वीतभराहून लहान असला तर परत पाण्यात. आणि मृगापासून पोळ्यापर्यंत गळ बंद, कारण तेव्हा माद्या अंड्यावर असतात. घाटाच्या दगडावर चुन्यानं 'माणशी दोन' लिहिलं. पुसलं की पुन्हा लिहायचे. सहा वर्षांत तलाव रोहूंनी भरला.

मी दर एकादशीला तिथं माशांना कणकेच्या गोळ्या टाकायची.

"कायले लाड करता वहिनी? मासोळीनं माणसाले भ्यायले पाहिजे."

"तुम्ही मारता, मी जगवते," मी म्हणायची.

"मी दोनच मारतो ना!" म्हणून हसायचे.

काल घाटावर बाहेरगावचे पाच जण बसले होते. एक म्हणाला, "टाका मावशी, तुमच्या हातचं बरोबर खातात." मला बरंच वाटलं. नारायणाचं नाव घेऊन पहिली मूठ टाकली. मासे पायरीशी गोळा झाले आणि माझ्या डोक्यावरून जाळं गेलं. मग वाटी माझ्या हातातून घेऊन उरलेल्या गोळ्या त्यांनीच टाकल्या. पुन्हा जाळं. पुन्हा.

उकंडाभाऊ चुन्याचा डबा घेऊन येतच होते. ओरडले, "अरे, अंड्यावर आहेत रे त्या! दोन घ्या, बाकी सोडा!"

"माणशी दोन ना बाबा? मग घरची माणसंही धरा, शंभर होतात," म्हणत त्यांनी पोती बांधली.

पायरीवर एक रोहू फुटली होती. भाऊंनी दगडावर सांडलेली अंडी ओंजळीत भरून पाण्यात सोडली. ती जगत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मला रागावले असते तर बरं झालं असतं. डबा तिथंच विसरून निघून गेले.

आज देवापुढं बसले, पण काही मागायला तोंड उरलं नाही. कणकेवर ओलं फडकं टाकलंय. काल घाटावरून उचलून आणलेला चुन्याचा डबा ओट्यावर आहे. तो उकंडाभाऊंच्या घरी द्यायला निघते.