गुलाबांचं माहेरपण

डोंबिवलीत आमचं पहिलं बिऱ्हाड ज्यांच्या घरात होतं, त्या घरमालकांइतक्या मुलींचा बाप सबंध ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. बाळकुमला एक मुलगी दिलेली, कल्याणला पाच-सहा आणि डोंबिवलीत तर गल्लीगणिक एक. या सगळ्या मुली कुंडीत वाढलेल्या होत्या. खरी मुलगी एकच होती, तिची हकिगत पुढे येईलच. घरमालकांना सगळे काका म्हणत; ते गुलाबाची कलमं करीत आणि ती हौसेनं देत. पण ‘काका, एक रोप द्या,’ असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. ‘रोप काय द्या? मुलगी मागायला आलात ना? मग बसा, बोलू,’ असं म्हणून ते चौकशीला सुरुवात करीत. अंगण कुठल्या तोंडाचं, विहीर स्वतःची की शेजाऱ्याची, घरात बायका किती, शेळी आहे का? शेळी असलेल्या घरी त्यांनी कधी मुलगी दिली नाही. मामलेदार कचेरीतले एक बडे गृहस्थ तर टांगा करून आले होते. ‘स्थळ उत्तम आहे, पण अंगणात ऊन नाही. माझी मुलगी तिथं झुरेल,’ असं सांगून काकांनी त्यांना चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं.

आम्हाला जागा मिळाली तीही याच परीक्षेतून पार पडून. मी नवा संसारी, मनात पगाराचा आकडा घोळवत त्यांच्यासमोर बसलो होतो. त्यांनी पगार विचारलाच नाही. ‘आंघोळ रोज करता ना? दोन्ही वेळा केलीत तर फार बरं,’ एवढंच म्हणाले. आमच्या मोरीचं पाणी पन्हाळीतून थेट गुलाबांच्या वाफ्यात जातं, हे मला राहायला गेल्यावर कळलं. पुढं आमचं घरातलं आयुष्य त्या पन्हाळीच्या हुकमतीखाली गेलं. बायकोनं एकदा सोडा घालून चादरी धुतल्या, तर काका खिडकीखाली उभे राहून ओरडले, ‘अहो भाडेकरू! वहिनींना सांगा, सोडा नको! पोरींची तोंडं भाजतात!’ रस्त्यानं जाणारे दोघे-तिघे घाबरून आत डोकावले होते.

काकांच्या मते गुलाबाची पारख करायची ती चैत्र-वैशाखात. ‘थंडीत काय, कुणीही फुलतं हो. उन्हात कोण कशी वागते ते बघा.’ जवळजवळ काळी दिसणारी ती मखमली लाल जात, जिच्यासाठी लोक काकांचे उंबरे झिजवीत, मार्च सरतासरताच पाकळ्यांच्या कडा करपवून बसे. ‘लाडावलेली आहे, सोसत नाही,’ काका म्हणत. पिवळी सकाळी हळदीच्या रंगाची उमले आणि उन्हं चढली की ताकासारखी पांढरी पडे. कोबीच्या गड्ड्याएवढी फुलं देणारी ती थोर गुलाबी तर उन्हाळाभर नुसत्या कळ्या धरी आणि एकही न उघडता त्या देठावरच वाळवी. ‘हिचं आपलं नेहमीचंच. बोलणी करायची, पत्रिका छापायच्या आणि आयत्या वेळी नाही म्हणायचं!’ बटणगुलाबाची फुलं वाटाण्याएवढी होत, पण घोसानं येत राहत. आणि कुंपणालगतची साधी गावठी गुलाबी! उन्हात तिच्या पाकळ्या निम्म्या होत, पण वास असा दाट येई की आमची सकाळची आमटीसुद्धा गुलाबाची लागे. ‘ही खरी संसारी बाई,’ असं म्हणून काका तिच्याशी जरा अदबीनंच वागत.

या सगळ्यांत विहिरीजवळचं एक झाड निराळं होतं. फाल्गुन संपायच्या आतच ते सगळी पानं टाकून द्यायचं आणि मग नुसत्या काटेरी काड्या उरायच्या. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात मी सहज बोलून गेलो, ‘काका, हे गेलं वाटतं.’

‘गेलं नाही. रुसलंय,’ काका म्हणाले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

उन्हाळा तापला की दिलेल्या मुली माहेरपणाला येत. लोकांच्या विहिरी आटत, कुंड्या तापत, रोपं माना टाकत. म्हणून काकांचा सगळ्यांना निरोपच असे, की वैशाखात पोरींना इकडे पाठवा. मग कुणी डोक्यावरून, कुणी टांग्यातून, तर बाळकुमची मुलगी बैलगाडीतून येई. तिचा गाडीवान कुंडी उतरवताना दर वर्षी तेच विचारी, ‘काका, झारांचं कुनी म्हायार करतं का?’ काका त्याला उत्तर न देता आधी गूळ देत. आलेलं रोप अंगणातल्या जांभळाखाली सावलीत ठेवायचं आणि त्याला लगेच पाणी द्यायचं नाही, हा पहिला नियम. ‘उन्हातून आलेल्याला आधी टेकू द्यावं,’ ते म्हणत. दुसरा नियम परत न्यायचा. न्यायला घरचंच माणूस यायला हवं. कल्याणच्या एका वकिलानं शिपाई पाठवला, तर काकांनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि सांगितलं, ‘साहेबांना म्हणावं, बायकोलाही माहेराहून शिपायाकरवीच आणवता काय?’

ते विहिरीजवळचं झाड विमलनं लहानपणी लावलेलं होतं, हे काकूंनी माझ्या बायकोला पाणी शेंदताशेंदता सांगितलं. विमल ही काकांची खरीखुरी, एकुलती एक मुलगी. तिनं स्वतःच्या मनानं, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी नोंदणी करून लग्न केलं होतं. तो मोहन्याला कारखान्यात कामाला होता आणि दोघं तिथंच राहत होती. डोंबिवलीहून मोहने ते काय लांब! पण लग्नानंतर विमल एकदाही घरी आली नव्हती. तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं आणि ये असंही म्हटलं नव्हतं. गावभरच्या मुलींचं माहेरपण करणाऱ्या या माणसाच्या तोंडून तिचं नाव मी कधी ऐकलं नाही. मला त्यांचा रागच येई. रात्री कुंड्या मोजून झोपणाऱ्या माणसाला स्वतःची पोर आठवू नये? पण आठवत असणार. नाहीतर त्या वाळक्या काड्यांना ते रोज संध्याकाळी आपल्या हातानं पाणी घालत बसले नसते.

आमच्या तिथल्या तिसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका रविवारी सकाळी एक उंच, सावळा तरुण गोणपाटात गुंडाळलेली कुंडी छातीशी धरून फाटकातून आत आला. कुंडीत एकही पान नव्हतं.

‘इथं गुलाब ठेवून घेतात ना?’

‘सावलीत ठेवा. पाणी नको!’ काका नेहमीसारखे खेकसले. मग कुंडीशी उकिडवे बसले, एक काडी दोन बोटांत धरून त्यांनी तिच्यावरचा जुना छेद निरखला आणि मान वर केली. ‘ही तर इथलीच दिसते. कुठून आणलीत?’

‘मोहन्याहून.’

मी वाचत होतो ते वर्तमानपत्र खाली ठेवलं. माझी बायको तांदूळ निवडत होती, ते सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

‘मोहन्याला मी मुलगी दिलेली नाही,’ काका म्हणाले.

‘झाड सासूबाईंनी दिलं,’ तो तरुण शांतपणे म्हणाला. ‘गेल्या पावसाळ्यात.’

श्रावणात काकू कल्याणला बहिणीकडे म्हणून गेल्या होत्या. त्या कुठवर गेल्या होत्या, ते आम्हाला आत्ता कळलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण मागे सरल्या नाहीत.

‘ते मेलं असं वाटून ती दोन दिवस रडतेय,’ जावई म्हणाला. ‘मी म्हटलं, विचारून तरी येतो.’

काकांनी काडीची साल नखानं हळूच खरवडली. आत हिरवं होतं. ‘मेलेलं नाही,’ ते म्हणाले. ‘रुसलंय. पाणी कोण घालतं?’

‘ती घालते. कधी मी. माझी रात्रपाळी असते, म्हणून भर दुपारी.’

‘भर दुपारी!’ काका ताडकन उठले. ‘तापल्या कुंडीत पाणी! अहो, उकडून काढलंत की हो तिला!’ पुढची पंधरा मिनिटं त्यांनी जावयाला जे काही झापलं, ते इतर कुणालाही झापत तसंच, तसूभरही जास्त नाही. तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता आणि काकू दारात पहिल्यांदाच हसत होत्या. शेवटी तो निघाला आणि न्यायला कधी येऊ, असं त्यानं विचारलं.

‘तुम्ही नाही,’ काका कुंडीकडे बघत म्हणाले. ‘ज्या घरी पाणी बाई घालते, त्या घरच्या बाईनंच यायचं. इथला नियम आहे.’

हा नियम मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

आठवडाही उलटला नसेल, विमल आली. आली तीही भर दुपारी, स्टेशनपासून चालत, घामानं निथळत. फाटकाची कडी धरून उभी राहिली आणि म्हणाली, ‘झाड कसं आहे ते बघायला आलेय.’ काका विहिरीपाशी होते. काकू हातात तांब्या घेऊन धावल्या, तशी काकांनी त्यांना हातानं थांबवलं.

‘उन्हातून आलीस,’ ते म्हणाले. ‘आधी सावलीत बस. पाणी लगेच नको.’

विमल जांभळाखाली, गावभरच्या त्या कुंड्यांच्या मधोमध जाऊन बसली. काका तिच्यापासून थोडं दूर, पाठ करून एका कुंडीतली माती उकरीत राहिले. त्या कुंडीतली माती तासाभरापूर्वीच उकरून झाली होती. मग त्यांनी काकूंच्या हातातून तांब्या घेतला आणि स्वतः तिच्यासमोर नेऊन धरला. तो धरताना अर्धं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. ज्या माणसानं आमच्या आंघोळीचा थेंबसुद्धा वाया जाऊ दिला नव्हता, त्याला त्याचं भान नव्हतं. माझी बायको माझ्याशेजारी रडत होती आणि मलाही नीट दिसत नव्हतं.

मृग लागेपर्यंत विमल राहिली. जावई न्यायला आला, तेव्हा काकांनी एका हातात कुंडी घेतली, दुसऱ्या हातानं फाटक उघडलं आणि म्हणाले, ‘घरचं माणूस न्यायला आलंय. माझी हरकत नाही.’

आता तिथं ना ती विहीर आहे, ना जांभूळ. काकाही नाहीत, काकूही नाहीत. विमलच्या झाडाचं एक कलम मात्र आमच्या गॅलरीत आहे आणि उन्हाळा लागला की ते अजून रुसतं. मग मी कुंडी उचलून मोहन्याला विमलकडे नेतो. तिच्या अंगणात तेव्हा कुंड्यांची एवढी दाटी असते, की आत शिरायला वाट सापडत नाही. मला दारात बघितलं की ती लगबगीनं पुढं येते आणि म्हणते, ‘आधी सावलीत टेकायचं. पाणी मग.’ हे ती मला म्हणते की कुंडीला, ते मी अजून विचारलेलं नाही.