आबांच्या गाडीची चार चाकं

"मॅडम, हे इंगळे कोन हायेत?" देवरावआबांनी मला हॉलच्या कोपऱ्यात गाठून विचारलं. "एकट्या मानसानं अकरा चित्रं देली. अन् मी सारी गाडी देली, तं माझं नाव एकाबी चित्राखाली काऊन नाही?"

मी चित्रकलेची शिक्षिका. धामणगाव बढ्याच्या बाजूच्या एका शाळेत सव्वीस वर्षं शिकवते आहे. सातवीची चाळीस पोरं घेऊन मी बुलढाण्याला चित्रप्रदर्शन दाखवायला आले होते. मुख्याध्यापकांनी मोठ्या मिनतवारीने परवानगी दिली होती. गाडीचं तुमचं तुम्ही पाहा, म्हणाले, आणि पोरांनी खरंच काही पाहिलं तरच पुढच्या वर्षीचं बोलू.

मग मी गावात हिंडले. बचत गटाच्या बायांनी पोहे दिले. वह्यांच्या दुकानदाराने कोरे कागद आणि पेस्टल, म्हणजे तेलकट रंगीत खडू, दिले. देवरावआबांनी आपली वऱ्हाडाची मिनीबस दिली आणि ती सांभाळायला स्वतःही आले. पुढच्या काचेवर कुण्या नवरा-नवरीचं स्टिकर तसंच होतं. राजूर घाटात चार पोरं ओकली, पण एकंदरीत वऱ्हाड वेळेवर पोचलं.

आबांची चूक मला लगेच कळली. चित्राखाली जी लहानशी चिठ्ठी असते तिला आम्ही लेबल म्हणतो. त्यावर चित्रकाराचं नाव असतं, चित्राचं नाव असतं आणि रंग कोणते वापरले ते असतं. पण आमच्या गावात कुठल्याही वस्तूवर नाव दिसलं की ते देणाऱ्याचं. पाण्याच्या टाकीवर, बाकावर, शाळेच्या घड्याळावर, सगळीकडे हाच नियम. देवळातल्या पंख्याच्या तीन पात्यांवर मिळून आबांच्या वडिलांचं नाव आहे. पंखा फिरला की ते वाचता येत नाही, म्हणून आबा देवळात असेपर्यंत पंखा बंद असतो. मे महिन्यातसुद्धा.

आबांना काय सांगावं या विचारात मी असतानाच दुसरं संकट आलं. पोरांचं प्रदर्शन पाहून झालं होतं. सहा मिनिटांत. दाराशी चपला काढून, हात जोडून, एका रांगेत सगळी चित्रांपुढून सरकली आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडली. एका पोरीने मला प्रसाद कुठे मिळतो म्हणून विचारलं. काय काय पाहिलं ते सांगा, म्हटलं, तर उत्तर आलं की आत चार एसी आहेत. माझा जीव रडकुंडीला आला. मुख्याध्यापकांना काय, एसी सांगू?

तिकडे आबा गाडीकडे निघाले होते. नाव नाही तं थांबाचं कायले, म्हणत त्यांनी पोरांना गाडीत बसायला सांगितलं. एकदा गाडी सुरू झाली की पुढच्या वर्षीचंही संपलं, हे मला दिसत होतं. मी मागे धावले.

तेवढ्यात पूजा नावाची माझी विद्यार्थिनी, वर्गातली सगळ्यात तोंडाळ, पोह्यांचा घास तोंडात ठेवूनच म्हणाली, "आबा, ते देनाऱ्याचं नाव नसते. काढनाऱ्याचं असते. तुमी काढा ना मंग."

पोरं हसली. आबांचा चेहरा लाल झाला. "आन बे कागद," ते म्हणाले.

व्हरांड्यात मांडी घालून, जीभ बाहेर काढून, आबांनी आपली मिनीबस काढायला घेतली. भोवती चाळीस डोकी. नंबर प्लेट अगदी अचूक, स्टिकरही आलं. मग त्यांनी खाली ओळीने चार चाकं काढली.

"आबा, दोनच दिसतीन," पूजा म्हणाली.

"गाडीले चाकं किती? चार. तं मंग चार. मी घेतली हाये गाडी, तुनं नाही."

इथे भांडण लागलं. अर्धा वर्ग दोनचा, अर्धा चारचा. दोघेही माझ्याकडे बघू लागले आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, उत्तर दिलं नाही. आबांनीच फर्मान काढलं, "जा, त्या इंगळ्याच्या चित्रात पाहून या किती चाकं हायेत ते."

चाळीस पोरं हॉलमध्ये घुसली. या वेळी कुणी हात जोडले नाहीत. बैलगाडीच्या चित्रात एकच चाक निघालं, त्याने तर दोन्ही पक्ष हादरले. मग कुणी बैलांचे पाय मोजले, ते सात भरले. आठवा कुठे गेला म्हणून अर्धा तास शोध झाला. एकाने शिंगाची सावली निळी असल्याची बातमी आणली, आणि सगळे ती पाहायला पळाले. हॉलचे व्यवस्थापक दार बंद करायला आले तेव्हाही पोरं चित्रांपासून हलेनात. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी आबाही आत गेले. चष्मा पुसून बैलगाडीपुढे बराच वेळ उभे राहिले. "मानूस हुशार हाये," इंगळ्यांबद्दल एवढंच बोलले. चाकं मात्र खोडली नाहीत.

ते चित्र आता शाळेच्या ऑफिसात आहे. चारही चाकं एकाच बाजूला, खाली रीतसर लेबल: देवराव, वय अडुसष्ट, पेस्टल. सव्वीस वर्षं मी पोरांना चित्र कसं पाहावं यावर भाषणं दिली. त्याऐवजी एका मोठ्या माणसाला चुकीचं चित्र काढायला बसवलं असतं तर घसा तरी वाचला असता.

पुढच्या सहलीसाठी आबांच्या दारात जायचं म्हणून मी यंदा शब्दांची जुळवाजुळव करत होते. तर तेच सकाळी शाळेत हजर, काखेत कागदाची गुंडाळी.

"मॅडम, बुलढान्याले कवा जायचं? मले ते बैल पुन्हा पाह्याचे हायेत. माझ्या बैलाले पाच पाय होऊन राह्यले."