भिमाबाईच्या हातांवरचा आळ

मालनबाई गर्जे हिने वीस वर्षं ऊस तोडला, मुकादमाशी भांडली, पण कुणापुढे मान खाली घालायची वेळ तिच्यावर आली नाही. ती वेळ आणली फळांनी. तेही चांगल्या धुतलेल्या, कापलेल्या, डब्यात भरलेल्या फळांनी.

पाथर्डीकडचं गाव सोडून ती नगरला आली आणि एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात कामाला लागली. डाळिंबाचे दाणे काढायचे, पपई-पेरूच्या फोडी करायच्या, धुऊन डब्यात भरायच्या आणि थंड गाडीतून पुण्याला पाठवायच्या. तिथे डबा उघडायचा की खायचं. पुण्यातल्या माणसांना डाळिंब सोलायलाही सवड नाही हे ऐकून मालनबाई पहिल्या दिवशी पोट धरून हसली होती.

डाळिंब कसं सोलायचं हे तिला शेजारच्या टेबलावरच्या भिमाबाईने शिकवलं. वरची चकती उडवायची, आतल्या पडद्यांच्या रेघा बघून सालीला चिरा द्यायच्या आणि फळ उलगडायचं. एक दाणा फुटला तरी भिमाबाई जीभ चावायची. अख्ख्या कारखान्यात तिच्याइतका साफ हात कुणाचा नव्हता. दुपारी दोघी शेजारी बसून जेवायच्या. मालनबाईचा ठेचा भिमाबाईच्या डब्यात जायचा आणि भिमाबाईची जवसाची चटणी मालनबाईच्या भाकरीवर यायची. भिमाबाई बौद्ध. कारखान्यात हे कुणी बोलून दाखवत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं.

दिवाळीनंतर नवीन मशीन आलं. दिसायला पाण्याची स्टीलची टाकी, झाकणासकट. सुपरवायझर मच्छिंद्रने सगळ्या बायांना गोळा करून समजावलं, "यात आवाज सोडतात. कानाला ऐकू येत नाही, पण पाणी बारीक थरथरतं. त्यात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे होतात आणि फुटतात. फळाच्या खाचाखोचांत बसलेले जंतू त्याने निघतात. औषध कमी लागतं, माल चार दिवसांऐवजी आठ दिवस टिकतो. सोनोग्राफीत असतो ना, त्याच जातीचा आवाज. फक्त चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही."

मशीन मालनबाईच्या ताब्यात दिलं, कारण ती विश्वासाची. रोज सकाळी चपात्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाची पट्टी ती मिनिटभर पाण्यात धरायची. पट्टीला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली की मशीन ठीक. मग ती पट्टी वहीत चिकटवायची.

जानेवारीत तिची सून अश्विनी कामाला आली. तिसरा महिना चालू होता. आदल्या वर्षी उसाच्या फडात तिचा गर्भ पडला होता. मोळी डोक्यावर असतानाच पडला होता आणि मोळी मालनबाईनेच उचलून दिली होती. यंदा म्हणून तिने सुनेला फडावर जाऊच दिलं नाही. बसून करायचं काम, सावली, पंखा. आणि अश्विनीला टेबल कुठलं मिळालं? टाकीला लागून.

मालनबाईने भोकं पडलेली पट्टी उजेडात धरली आणि अश्विनीच्या पोटाकडे बघितलं. कागदाची ही गत, तर तीन महिन्यांच्या जिवाचं काय? विचारावं तर मच्छिंद्र म्हणेल, पोटुशी बाई कामाला नको, जा घरी. आपल्याकडे बाईने खरं सांगितलं की आधी तिचं काम जातं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. म्हणून तिने विचारलं नाही. सकाळी सातला ती मशीन चालू करायची, पट्टी चिकटवायची, आणि नऊला अश्विनी येऊन बसली की आवाजाचं बटण बंद करायची. पाणी फिरवणारा पंप घरघरत राहायचा. वहीत रोज भोकांची पट्टी असायची. फळं मात्र नुसत्या पाण्यातून निघून पुण्याला जायची.

तीन आठवड्यांनी पुण्याहून तक्रार आली. पाचव्याच दिवशी डाळिंबाला आंबूस वास, पपईला फेस. एका गिऱ्हाइकाच्या लेकराला उलट्या झाल्या होत्या. लेकराचं ऐकून मालनबाई टाकीकडे वळली आणि पुसलेलं झाकण पुन्हा पुसू लागली. मच्छिंद्रने वही चाळली. पट्ट्या सगळ्या ठीक. म्हणजे मशीन ठीक. म्हणजे दोष हातांचा.

आता हातांचा दोष म्हटलं की कुणाकडे बघायचं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. सगळ्यांच्या नजरा एकाच टेबलाकडे वळल्या. मच्छिंद्रने मालनबाईला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, तुम्ही शेजारी असता. भिमाबाई हात नीट धुते का?"

साधा प्रश्न होता. 'व्हय, धुती' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मालनबाईला टाकीचं गुपित झाकायचं होतं, सून वाचवायची होती आणि सगळ्यात आधी स्वतःला वाचवायचं होतं. ती म्हणाली, "धुती... पन मी काय सारखं बघत न्हाई बा."

तेवढ्याने काम झालं. भिमाबाईच्या हातातली सुरी काढून झाडू दिला. आत यायचं नाही, अंगण झाडायचं, साली उचलायच्या. दुपारी बायांनी आपापले डबे जवळ ओढून घेतले. मालनबाईनेही ओढला. भिमाबाई फाटकापाशी एकटी जेवली.

त्याच संध्याकाळी मालनबाईने अश्विनीला "तुला आराम पायजे" म्हणून गावाकडे पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून मशीन दिवसभर चालू. माल आठ-आठ दिवस टिकायला लागला. मच्छिंद्र खुशीत येऊन म्हणाला, "बघा! हात बदलले आणि तक्रार बंद." आपलं पाप झाकायला मालनबाई जे जे करत होती, ते ते भिमाबाईच्या गळ्यात जात होतं. रात्री भाकरी गोड लागेना. ठेचा करायचा तिने सोडूनच दिला, करून द्यायचा कुणाला?

बाराव्या दिवशी मच्छिंद्रने एक कागद पुढे केला. स्वच्छता पाळत नाही म्हणून भिमाबाईला कामावरून कमी करत होते. साक्षीदार म्हणून मालनबाईची सही हवी होती.

मालनबाई प्रौढ वर्गात सही शिकली होती. 'मालन'मधला म तिने काढला आणि तिचा हात तिथेच थांबला. पेन खाली ठेवून ती म्हणाली, "साहेब, तिचे हात साफ हायेत. बटन मी बंद करत हुते."

मग सगळं सांगितलं. फड, मोळी, सोनोग्राफी, पट्टी. मच्छिंद्र रागावेल असं तिला वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो मावशी, तो आवाज झाकणाबाहेर येऊन पोटापर्यंत कसा जाईल? आणि भीती होती तर मला सांगायचं. टेबल पलीकडे सरकवलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं."

दोन मिनिटं! मालनबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन मिनिटांच्या कामासाठी तिने पुण्यातल्या कुणा लेकराला आजारी पाडलं होतं आणि भिमाबाईला उकिरड्याकडे हाकललं होतं. तुमचं काय करायचं ते मालक ठरवतील, असं मच्छिंद्र म्हणाला. कागद फाडून त्याने तिलाच सांगितलं, "जा, भिमाबाईला आत बोलवा." स्वतः गेला नाही. चूक कबूल करायला साहेबलोकांना नेहमी दुसऱ्याचे पाय लागतात.

भिमाबाई सालींचं घमेलं भरत होती. मालनबाई तिच्यापुढे उभी राहिली. मान वर होईना. "भिमाबाई, आत चल. चूक माजी हुती. मशीनचं बटन मीच..."

"ठावं हाय मला," भिमाबाई म्हणाली. "पैल्याच आठवड्यात पायलं हुतं. वाटलं साहेबानं सांगितलं आसंल. माल नासल्यावर उमगलं."

मालनबाईने दचकून वर बघितलं. "मंग बोलली का न्हाईस? बारा दिस झाडू मारलास!"

भिमाबाईने घमेलं खाली ठेवलं. हातांची माती लुगड्याला पुसली. तिचा आवाज चढला नाही.

"कुनी इच्यारलंच न्हाई मला. माज्या हातांचं तुला इच्यारलं."

एवढं बोलून ती आत गेली. मालनबाईने साली भरलेलं ते घमेलं उचललं आणि ती उकिरड्याकडे चालायला लागली.