हसवणारी मीच होते

आमच्याकडं घोरणं म्हणजे गाढ झोप, असाच समज. हे असे घोरायचे की शेजारच्या काकू सकाळी विचारायच्या, "ट्रॅक्टर कुणाचा चालू होता गं?" तरी माणूस दिवसा पेंगायचाच. जेवता जेवता, बोलता बोलता.

हे वाटूरहून परतूरला शाळेची गाडी चालवायचे आणि पोरं सांभाळायला बाई म्हणून मी शेजारी बसायचे. ह्यांची मान जरा कलली की मी कोपरानं ढोसायचे. मागं अकरा पोरं! जालन्याच्या डॉक्टरांनी रात्री मास्क लावून झोपायची मशीन दिली. घोरणं थांबलं, पण दिवसाची झोप काही हटेना. मग मीच इलाज काढला. वाटभर सासूबाईंची नक्कल करायची, काहीबाही सांगायचं. हे खो खो हसायचे. हसणाऱ्या माणसाला झोप कशी येईल, असं मला वाटायचं. काय माझी अक्कल!

एका सकाळी हसता हसताच ह्यांचा जबडा लोंबला, हात स्टिअरिंगवरून मांडीवर पडले. गाडी हळू होती म्हणून बरं, शेजारच्या तुरीत उतरून बंद पडली. पोरांना वाटलं गंमत. मी किंचाळले, "अहो, झोपलात का?"

जरा वेळानं ह्यांची जीभ वळली. "न्हाई गं, जागाच होतो. हातच उचलंना."



पुन्हा जालना गाठलं. डॉक्टर म्हणाले, "मशीन बराबर चाललीय, तरी झोप येते. म्हणजे नुसतं घोरण्याचं दुखणं नाही हे. हसल्यावर कधी अंग गळून जातं का?"

"बिलकुल न्हाई," हे लगेच म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. मी 'हो' म्हटलं की गाडी हातातून जाणार, हे मला कळत होतं. पण डोळ्यांपुढून ती अकरा पोरं हलेनात.

"जातं, डॉक्टर," मी म्हणाले. "हात पडतात. आणि हसवते मीच."

डॉक्टरांनी रात्री आणि मग दिवसाही झोपवून तपासलं. नार्कोलेप्सी निघाली, म्हणजे मेंदूतलंच झोपेचं दुखणं; हसल्यावर अंग गळणं त्यातलंच. घोरण्यामुळं इतके दिवस कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. औषधं सुरू झाली, गाडी चालवायची मनाई झाली.

बाहेर बाकावर बसल्यावर मी भीत भीत विचारलं, "रागावलात?"

"न्हाई. रोज चावी घेताना मलाबी लई भ्या वाटायचं."

"मंग बोलला का न्हाई?"

"तू एवढं जीव तोडून हसवून राह्यली होती," हे म्हणाले, "तुला कसं सांगू?"